जावई मधोमध

१ जून
मुलीचं, मरिसेलाचं, लग्न चौदाला. पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर, भर दुपारी. मरिसेला फोटोग्राफर ठरवणार होती. बाप जिवंत असताना? फोटो मीच काढणार. फ्लॅश चार्जिंगला लावला तर डॅरेल, म्हणजे होणारा जावई, विचारतो, भर उन्हात फ्लॅश कशाला? अरे, हॅटखाली तोंडं काळी पडतात म्हणून! कूलर दुरुस्त करणाऱ्याला काय कळणार. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही.

६ जून
फिल्टर आला. लेन्सला घालायचा गॉगलच. कडं फिरवलं की काळोख वाढतो. दुकानदार म्हणाला, शेवटच्या खुणेपर्यंत नेऊ नका. मग ती खूण ठेवली कशाला?
संकल्प: रोज सराव.

९ जून
सराव उद्यापासून. आज फार ऊन होतं.

१२ जून
बायको म्हणते, अजून कुणाला तरी बोलवा. शिवाय म्हणे, तुम्हाला तो मुलगा आवडत नाही हे पोरीला कळतं. कमाल आहे ओफेलियाची! आता प्रत्येक फोटोत डॅरेलला बरोब्बर मधोमध घेतो. मग बोला.

१४ जून, संध्याकाळ
फत्ते! वाळूवरून ऊन असं उसळत होतं की स्क्रीनवर काही दिसेना. बघायची गरजही नव्हती. फिल्टर शेवटपर्यंत, फ्लॅश फुल्ल. डॅरेल दर वेळी डोळे मिटायचा. सवय नसते एकेकाला. मेव्हणा रूडी म्हणाला, दाजी, सूर्य कमी पडतोय का? जळतात लोक.

१५ जून
फोटो कॉम्प्युटरवर टाकले. प्रत्येकावर मोठी काळी फुली. फुलीचा मध्य डॅरेलच्या तोंडावर. आजूबाजूचे नातेवाईक लख्ख, रूडीचा सोन्याचा दातसुद्धा.
चूक दुकानदाराची. ओरडून सांगायला हवं होतं.

१६ जून
मरिसेलाला समजावलं, फिल्टर जास्त फिरला की फुली पडते. ती म्हणाली, पापा, नेमकी त्याच्याच तोंडावर? आणि रडायलाच लागली. डॅरेल शांतपणे म्हणाला, मी पसंत नव्हतो तर आधी सांगायचं होतंत.
मी फिल्टरचं कडं उलटं फिरवत बसलो.

२२ जून
सगळे पुन्हा नटूनथटून टेकड्यांवर. मला कॅमेरा आणायला बंदी. डॅरेलची आई फोनवर फोटो काढत होती. मी आपला कडेला. डॅरेलने दंडाला धरून मला मध्ये ओढलं, म्हणाला, पापा, तुमची जागा इथे. मुलगा चांगला आहे, खरंच चांगला आहे, असं मनात येतंय तोच विहीणबाईंच्या फोनचा फ्लॅश उडाला.
सगळे सुरेख आलेत. मधोमध मी, डोळे मिटलेले.
भर उन्हात फ्लॅश कशाला लावायचा?