उशी, दहा वेळा

२ फेब्रुवारी, सकाळी ११
फिजिओबाईंचा निकाल लागला. उजवी जांघ आणि उजवा खुबा, अतिवापराची दुखापत. शब्द ऐकून बरं वाटलं. आळशी माणसाला असलं काही होत नाही. सहा आठवडे पळणं बंद. ऑफिसची रिले शर्यत १५ मार्चला, म्हणजे एक दिवस कमी पडतो. एक दिवस सोडा म्हटलं, बाई नाही म्हणाल्या. मी चार आठवड्यांतच बरा होणार आहे. व्यायाम एकच: गुडघ्यांत उशी धरून दाबायची. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

३ फेब्रुवारी
सासरे राहायला आले. वय त्र्याहत्तर, खुबा नवीन बसवलेला, सोबत वॉकर. त्यांनाही याच बाई, हाच व्यायाम. बायको म्हणाली, दोघं मिळून करा, तेवढीच सोबत. शर्यत लावायची नाही असं ठरवलंय. म्हाताऱ्या माणसाशी कसली शर्यत!

संध्याकाळी ७
ते दहा. मी चाळीस.

९ फेब्रुवारी
मी दीडशे. सासरे दहावरच अडलेत. म्हटलं, बाबा, जरा जोर लावा. म्हणाले, बाईंनी दहा सांगितलेत. जिद्द म्हणून नाही माणसाला.

१४ फेब्रुवारी
उशी फाटली. हॉलभर कापूस. उशी बायकोची होती. अबोला. यापुढे सोफ्याची गादी.

२० फेब्रुवारी
आमचा कॅशियर शेवटची फेरी मागतोय म्हणे. नऊ वर्षं ती माझी आहे. खरं लिहायचं तर ऑफिसात मला ओळखतात ते तेवढ्यासाठीच. एरवी कोण विचारतं? संकल्प: एका वेळी तीनशे. शिवाय मीटिंगमध्ये टेबलाखाली फाइल दाबायची.

२१ फेब्रुवारी
साहेबांनी नेमकी तीच फाइल मागितली.

२ मार्च
चार आठवडे झाले. सासऱ्यांनी वॉकर सोडून काठी घेतली. घाई करताहेत, तसं मी बोलूनही दाखवलं. मला उजवीकडे काही नाही. डावीकडे कळ येते. ताकद भरताना अशी येतेच, कुठेतरी वाचलंय.

५ मार्च
वाकता येईना, माझ्या पायांत मोजे बायकोने चढवले. अबोला संपला हे चांगलं झालं.

८ मार्च
फिजिओबाईंकडे. एक पाऊलही पळालो नाही, शपथेवर सांगितलं. उशी किती, त्यांनी विचारलं. तीनशे. दिवसाला? म्हटलं, एका वेळी. बाईंनी पेन खाली ठेवलं. डावी जांघ, डावा खुबा, अतिवापर. उजवीकडचंही पुन्हा उलटलंय. आणखी सहा आठवडे, आणि उशीकडे बघायचंसुद्धा नाही.
बाहेरच्या खोलीत बाकावर येऊन रडू आलं. सोबत आलेले सासरे खिडकीबाहेर बघत बसले, ते बरं केलं.

१५ मार्च
मैदानावर जायचंच होतं, निदान टाळ्या वाजवायला. सासऱ्यांनी अडगळीतून वॉकर काढला, स्टुलावर बसून त्याचा एकेक पाय माझ्या उंचीला लावला. म्हणाले, "जावईबापू, दमाने. दहा पावलं झाली की थांबायचं."
शेवटची फेरी कॅशियरने मारली. आम्ही जिंकलो. मला ते फाटकातूनच कळलं. खुर्च्यांपर्यंत पोचायला मला चार वेळा थांबावं लागलं. सासरे केव्हाच पोचले होते. माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून उभे होते, बिनकाठीचे.
आमच्यात शर्यत नव्हतीच.