त्याच चौदा चुका

चि. राजेशला विष्णूदादाचे आशीर्वाद (रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत).

तुझी शुगर कशी आहे? रसायनीची हवा सुधारली असेल तर कळव, नसेल तर राहू दे, मला सध्या माझंच पुरे झालंय. आम्ही इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण फोनवर मी बोलायला लागलो की सरोजिनीला शेजारच्या खोलीत काम निघतं.

गेल्या रविवारी आमच्या शाळेत मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. आमच्या म्हणजे, ज्या शाळेत मी एकतीस वर्षं एकालाही कॉपी करू दिली नाही, तिथे. सरोजिनीने अक्षरशः ढकललं म्हणून गेलो. दोन तास रांग. पंखा एकच, तोही डॉक्टरांवर. (माणसं कळंबहून टेंपो करून आली होती, त्यामुळे कर्जतकराला कुरकुरायचीही सोय नाही.) तपासणी अशी, की समोरच्या तक्त्यावर फणीसारख्या वीस खुणा, दाते कुठल्या बाजूला आहेत एवढं सांगायचं. माझ्यापुढे कळंबची धोंडूबाई नावाची म्हातारी होती. ती खणखणीत आवाजात "वर, खाली, उजवीकडं" सांगत सुटली. मला तक्त्याच्या जागी नुसता पांढरा ढग दिसत होता (उजेडच वाईट होता). पाठांतर आपल्या घराण्यातच आहे. माझी पाळी आल्यावर मी वीसच्या वीस खुणा धडाधड म्हणून दाखवल्या.

तपासणारी मुलगी निघाली ऋतिका. नववीत हिला मीच पकडली होती. कागद बघत म्हणाली, "सर, विसात चौदा चुका आहेत. आजींच्याही त्याच चौदा. चुका सारख्या असल्या की कॉपी, हे तुम्हीच शिकवलंत ना?" सगळा हॉल हसला. त्यात धोंडूबाई मागे वळून ओरडली, "अवो सर, माझं ऐकून सांगितलंत? मला तरी कुटं काय दिसतंय! मी आपलं अंदाजानं ठोकत हुते!"

मग त्या पोरीने तक्ता उलटा टांगला. मला वीसपैकी शून्य. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणखी उशीर केलात तर अवघड होईल, असं डॉक्टर म्हणाले. मला काहीही झालेलं नाही, असं सुनावून मी ताडकन उठलो आणि व्हरांड्याची पायरी चुकलो. तेही सगळ्यांनी पाहिलं.

तुझा,
विष्णूदादा

ता. क. ऑपरेशनसाठी शुक्रवारी सकाळी सातला शाळेपासून बस सुटते. सोबत घरचं माणूस लागतं. तू ये. सरोजिनीला बोलू नकोस, तिला मी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलंय.

ता. क. २. तिला का नाही सांगत, असं विचारशील. गेले आठ महिने ती रोज विचारते, ही साडी कशी दिसते, आणि मी म्हणतो, छान. राजेश, मला साडी दिसत नाही. आता तिचा चेहराही धड दिसत नाही. ऑपरेशन बिघडलं तर आहे तेवढंही जाईल, याची फार भीती वाटते रे.

ता. क. ३. भाऊजी, मी सरोजिनी. यांच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तुम्हाला वाचता आलं नसतं, म्हणून सगळं पत्र मी पुन्हा उतरवून काढलंय. यांना ठाऊक नाही. शुक्रवारी मी जाणारच आहे, पण तुम्हीही या, यांना बसमध्ये चढवायला दोघं लागतील. आणि साडीचं म्हणाल, तर गेले दोन महिने मी गाऊनवरच विचारतेय. तरी छानच म्हणतात.