ऑक्टोबरचं तिकीट

विश्रामबाग, सांगली
१२ जानेवारी २०२५

ती. सुलाआईंस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि घेवड्याचं बी, दोन्ही पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलंय, नाहीतर कागद-पेन घेऊन बसायची सवय कधीच सुटली असती.

बातमी अशी, की यांचा स्पेनमधला मुक्काम वर्षभरानं वाढला. कारखान्याची नवी यंत्रं कोर्दोबा नावाच्या तिथल्या जुन्या शहरातून यायची आहेत, ती शिकून घ्यायला यांना ठेवून घेतलंय. मी दीड महिना तिकडे यावं, कुठल्या दिवसांत ते मात्र मीच ठरवावं, असं म्हणालेत. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातले सात महिने आम्ही एका छपराखाली काढले असतील. म्हणून मी परीक्षा असल्यासारखी अभ्यासाला बसले. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जत-आटपाडीला लाजवेल असं ऊन. जानेवारीत गारठा आणि रिपरिप. मेमध्ये लोक आपापली अंगणं फुलांनी सजवून सगळ्यांना बघायला उघडी ठेवतात म्हणे, पण गर्दी इतकी की नवरा हरवायचा. ऑक्टोबर सगळ्यात बरा. हवा नरम, डाळिंबं पिकलेली. ठरवून टाकलं.

एक गंमत सांगते. मी यांना ऑक्टोबर कळवलं आणि यांचं उत्तर आलं, की मे म्हणजे फारच लवकर झालं, पण ये. मोबाइल उघडून बघते तर मी मेच लिहिला होता. म्हातारपण तुमच्याआधी मलाच आलं बहुतेक.

गुडघ्याला तेल लावायचा कंटाळा करू नका. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
संयोगिता


शिरवळ
२० जानेवारी

चि. सौ. संयोगितास,
सुलाआईचे पोटभर आशीर्वाद.

नवरा गर्दीत हरवेल ही काळजी सोड. माझा जावई होता तेव्हा वीरधवल एकदा साताऱ्याच्या बाजारात हरवला होता. तासाभरानं भज्यांच्या गाड्यावर सापडला. कोर्दोबातही खायला मिळतं ती जागा शोध.

तुझी गंमत वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. वीरधवलनं तुला सांगितलेलं दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्याच कामानं तो कोर्दोबाला जाणार होता आणि माझी राजेश्वरी त्याच्याबरोबर निघाली होती. मे महिना तिनंच धरला होता, त्या अंगणांसाठी. कपाटाच्या दाराला आतून चित्र चिकटवलं होतं, पांढरी भिंत आणि निळ्या कुंड्या. चैत्रात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी राजू गेली.

योगायोग असेल. तू आपली ऑक्टोबरच धर. गेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा ही आपली रीत तू इतकी शिकलेली असून हसतमुखानं पाळलीस, याचं मला फार अप्रूप आहे. आंघोळीला टाक काढून ठेवतेस का? काढत जाऊ नकोस.

येणंजाणं ठेव, पोरी.

तुझी,
सुलाआई


विश्रामबाग, सांगली
२४ फेब्रुवारी

ती. सुलाआईंस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात हसले होते, ते परत घेते.

तिकीट काढायला मी इथल्या प्रवास कचेरीत स्वतः गेले. ऑक्टोबर म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतंय. घरी येऊन पाकीट उघडलं तर दोन मेचं तिकीट. तशीच उलटी गेले आणि तिथल्या इंद्रजितशी भांडले. तो बिचारा म्हणाला, की वहिनी, तुमीच मे म्हणालासा, मी दोनदा इचारलं, तवा तुमी हसून तिसऱ्यांदा सांगितलंसा. बाकावर बसलेल्या बाईंनीही मान डोलावली.

दुपारी जरा डोळा लागला की एकच गल्ली दिसते. भिंतीवर उंच टांगलेल्या कुंड्या आणि एक म्हातारी लांब वेताच्या टोकाला डबा बांधून त्यांना पाणी घालते आहे. ती मला नाव विचारते आणि मी राजेश्वरी सांगते. यांना विचारलं, तिथे असं वेतानं पाणी घालतात का. हे म्हणाले, घालतात, पण तुला कोणी सांगितलं? कारलं माझ्यानं बघवत नव्हतं, परवा पातेलं पुसून खाल्लं.

आई, मला भीती वाटते. मला माझ्या नवऱ्याकडे माझी मी म्हणून जायचं आहे. राजूताईंवर माझा राग नाही, पण माझ्या एका अंगात दोघी मावणार नाहीत. लग्नात माझ्या गळ्यात टाक घालण्याआधी तुम्ही तो ओठांशी नेऊन काहीतरी पुटपुटला होता. काय ते खरं सांगा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
संयोगिता


शिरवळ
३ मार्च

चि. सौ. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस लिहायला बसते आणि उठते. टाकाला म्हणायचं असतं, की बाई, तू शांत हो आणि हिचा संसार सांभाळ. मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, राजू, तुझं जे जे राहिलंय ते हिच्याकडून पुरं करून घे. माझी ती एकुलती एक. त्या वेळी तुझा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. मला माफ कर.

आणखी एक लपवलंय. दिवाळीपासून तुझं अक्षर बदललंय. र ची शेपटी खाली ओढायची, ओळ उजवीकडे वर चढवायची, हे राजूचं आहे. मी तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, मला अक्षर कळतं. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला ते अक्षर हवं होतं. तुझी पत्रं मी उशाखाली घेऊन निजते.

टाक आताच काढू नकोस. अर्ध्या ताटावरून उठवलेलं माणूस चिडतं. मेमध्येच जा आणि तिला ती अंगणं बघू दे. बघून झालं की ती निवेल, असं मला वाटतं.

तुझी अपराधी,
सुलाआई


कोर्दोबा
११ मे

ती. मम्मीस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. मे हाच इथला खरा मोसम, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. सकाळी ऊन कोवळं असतं आणि सगळ्या गल्लीला संत्र्याच्या पानांचा वास येतो. आतापर्यंत एकोणीस अंगणं बघितली. शेवटच्या अंगणात ती म्हातारी होती. तिनं वेत भिंतीला टेकवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. वीरधवलनं अर्थ सांगितला, की इतकी वर्षं कुठे होतीस असं विचारते. ती सगळ्यांनाच तसं म्हणत असेल, असंही तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

काल त्यानं चुकून मला राजू म्हणून हाक मारली. मी ओ दिली. मग तो बराच वेळ रडला. त्याला इतकं काय झालं ते कळलं नाही.

संयोगिताची काळजी करू नकोस, ती झोपली आहे. हल्ली ती फारशी उठत नाही.

वीस जूनला येते. सांगलीला नाही, सरळ शिरवळला तुझ्याकडेच, राहायला. माझी खोली झाडून ठेव.

तुझी,
राजू


शिरवळ
१३ मे

चि. सौ. संयोगितास,
सुलाआईचे आशीर्वाद. हो, हे पत्र तुलाच आहे.

पत्राचा फोटो शेजारच्या दीपमालाच्या मोबाइलवर आला, हे उत्तरही तिच्याकडूनच पाठवते आहे. वीरधवल, तू हे तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाच. आधी तिच्या गळ्यातला टाक तुझ्या हातानं काढ आणि तिला संयोगिता म्हणून हाक मार. ती ओ देईपर्यंत मारत राहा. मी काढू नको म्हटलं होतं, ते चुकलं. त्यात माझा स्वार्थ होता.

राजू, आता तुला लिहिते. तुझं पत्र मी छातीशी धरून बसले होते, खोटं कशाला बोलू. खोलीही झाडली. गादीला ऊन दिलं. आणि गादी उचलून आत आणताना मनात आलं, की या पोरीचीही आई तासगावला बसली आहे आणि तिनं कोणाच्या खोलीला ऊन द्यायचं? तुला अंगणं बघायची होती, ती बघून झाली. शिरवळला येऊ नकोस. आलीस तर मी तुला घरात घेणार नाही.

तुझं काही राहिलं नव्हतं गं. राहिलं होतं ते माझं. तुला नेलं तेव्हा बायकांनी जायचं नसतं म्हणून चौघींनी मला धरून आत बसवलं. मी वेशीपर्यंतसुद्धा तुझ्याबरोबर आले नाही. सहा वर्षांत मी तुला एकदाही जा म्हटलं नाही, आणि माझ्या शब्दाशिवाय कुठे जायची तुला सवय नव्हती.

आज मी तुला पोचवते आहे. जा, बाळा.

तुझी,
मम्मी