टकळीचा आवाज

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. सामान उतरवताना आरशाचा कोपरा उडाला आणि शिलाई मशीनचं झाकण पिचलं, बाकी सगळं धडधाकट पोचलं. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर, इतकं चिंचोळं की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागते. ही म्हणाली, बरं झालं, आता तुमची लुडबुड बंद. आमची कन्या सहा वर्षांची आहे आणि तिला सगळे टकळी म्हणतात, कारण ती चालू झाली की थांबत नाही. ट्रकवाल्याला तिने वाटेत आमच्या घरातली एकूण एक भांडणं सांगून टाकली. उतरताना त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. मी मात्र खूश आहे. नवं गाव, नवी नोकरी, खिडकीतून ऊन येतंय.

५ फेब्रुवारी
कामाचा पहिला दिवस. अंधांच्या वाचनालयात बोलकी पुस्तकं तयार करायची. दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतल्या खोलीत वाचणारा बसतो, बाहेर मी, कानाला हेडफोन लावून. आतल्या खोलीचं दार भक्कम आहे. ते लावलं की बाहेर ढोल वाजवले तरी आत कळायचं नाही. पुस्तकावर बोट ठेवून ओळ न् ओळ ऐकायची, चूक झाली की थांबवायचं आणि शेवटी सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. माझं पोट कानांवर चालतं, असं मी ग्रंथपाल बाईंना म्हणालो. त्या हसल्या. वाचायला एक निवृत्त मुख्याध्यापक येतात, मास्तर. सत्तरी उलटली आहे, पण आवाज असा खणखणीत की मीच खुर्चीत सरळ बसलो.

११ फेब्रुवारी
दोन दिवस पोटात कळा येत होत्या. तपासलं तर पित्ताशयात खडे. ही आयुष्यभर धान्यातले खडे निवडत बसली आणि खडे निघाले माझ्या पोटात. सोळाला शस्त्रक्रिया. टकळीने विचारलं, खडे काढल्यावर घरी आणता येतील का.

१७ फेब्रुवारी
काल झाली. भूल देणाऱ्या बाईंनी शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. चौऱ्याण्णवपर्यंतचं आठवतं. शुद्धीवर आलो तर कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती, शेजारच्या घरात कुकर लावलाय आणि त्याची शिट्टी संपतच नाही तशी. नर्सला म्हटलं, ते यंत्र बंद करा. तिने चारी बाजूंना पाहिलं आणि सांगितलं की खोलीत यंत्रच नाही.

२३ फेब्रुवारी
पोटाची जखम भरते आहे. शिट्टी आहे तिथेच. कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. कान उत्तम, म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर कधी कधी असं होतं, कारण नेहमी सापडत नाही. मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकेल. ही म्हणाली, मग काळजी नको, दुर्लक्ष करण्यात यांचा हात कोण धरणार.
हसलो. पण जेवताना घास तोंडात तसाच राहिला. आता मला शांतता कधीच मिळणार नाही, हा विचार पहिल्यांदा आला.

१ मार्च
आज कामावर रुजू झालो आणि चमत्कार झाला. हेडफोन लावला, मास्तरांनी पहिलं वाक्य वाचलं आणि शिट्टी थांबली. कमी झाली नाही, थांबली. मास्तर श्वास घ्यायला थांबले की पुन्हा सुरू. मी काचेकडे पाठ करून रडलो. मग खोटं बोललो. दोन प्रकरणं नीट उतरली नाहीत, पुन्हा वाचावी लागतील, असं सांगितलं. बिचाऱ्यांनी दुपारपर्यंत वाचलं.

५ मार्च
मास्तरांचा आवाज बसला. काल घोगरा होता, आज नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांना काहीच दिसलं नाही, सूज नाही, गाठ नाही. ध्वनिमुद्रण बंद ठेवलंय. शिट्टी दुप्पट झाली आहे.

९ मार्च
रेडिओ लावून पाहिला, नळ सोडून पाहिला, उशीत डोकं खुपसून पाहिलं. हिला जवळ बसवून बोलायला लावलं, तरी काही नाही. तेवढ्यात टकळी शाळेतून आली आणि दप्तरासकट समोर उभी राहून गोष्ट सांगू लागली. एक हत्ती असतो, त्याला पोहता येत नसतं, पण ते तो कुणाला सांगत नाही. पहिल्याच वाक्याला कान मोकळे झाले. शिट्टी गेली. पोरीचा तो स्वच्छ आवाज आणि बाकी काही नाही. मी तिला मांडीवर घेतलं आणि दिवे लागेपर्यंत बोलतं ठेवलं.
हिला आनंदाने सांगायला गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “माझ्या बोलण्याने कशी थांबेल? माझं तुम्ही कधी मन लावून ऐकलंय?”
मी पुन्हा टकळीजवळ जाऊन बसलो.

१३ मार्च
मास्तरांना भेटून आलो. ते पाटीवर लिहून बोलतात आता. जाताना त्यांनी चिठ्ठी हातात दिली. तुम्ही ऐकत असताना गळ्यातून कुणी दोरा ओढतंय असं वाटायचं, मी वयाला दोष दिला, असं लिहिलं होतं.
चिठ्ठी खिशात घालून घरी आलो. टकळी सकाळपासून किंचित घोगरी बोलत होती. ही म्हणाली होती, सर्दी असेल. मला कळलं होतं. जिन्यातच कळलं होतं. शिट्टी डोक्यात करवत चालवत होती, आणि मी पोरीला हाक मारली. म्हटलं, एकच गोष्ट सांग.
ती म्हणाली, “बाबा, घसा दुखतोय. पण तुम्हाला बरं वाटतं ना? मग सांगते.”
तिने सांगितली. मी ऐकली, हत्ती नदीपाशी येईपर्यंत.

१५ मार्च
सकाळी उठून तिने तोंड उघडलं आणि नुसता श्वास आला. आधी तिला गंमत वाटली, आरशासमोर जाऊन करून पाहिलं. मग वाटेना.

१६ मार्च
हिला सगळं सांगितलं. वेडा म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “माहीत असून बोलायला लावलंत?” मी हो म्हणालो. तिने बॅग भरली. दोघी मावशीकडे गेल्या. टकळी जिन्यातून वळून वळून हात हलवत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

२४ मार्च
हिचा फोन. थोडा आवाज परत आलाय, बारीक, धाग्याएवढा. डॉक्टर म्हणतात, आहे तो जपा, हाही गेला तर आमच्या हातात काही नाही. मागून कुणीतरी रिसीव्हर ओढल्याची खुडबुड झाली. मी फोन आपटला.
बरोबर केलं. तिला वाटलं असेल, बाबा रागावले.

२८ मार्च
शिट्टीत आता माणसं आहेत.
आधी मास्तर. न वाचलेलं पुढचं प्रकरण वाचत होते. पुस्तक काढून ताडून पाहिलं, शब्दन् शब्द बरोबर. आणि आज दुपारी टकळी. तिचा आधीचा, पूर्ण, घर डोक्यावर घेणारा आवाज. हत्ती नदीत उतरला, म्हणाली.
म्हणजे तो कुठे गेला नाही. माझ्याकडे आहे. माझ्या डोक्यात कोंडून ठेवलाय आणि मला तो परत देता येत नाही.
बसून ऐकत राहिलो. बापच मी.

१ एप्रिल
वाचनालयाच्या आतल्या खोलीतच बसतो दिवसभर. इथे कुणाचं बोलणं कानावर पडत नाही. मी ऐकलं नाही तर कुणाचं काही जाणार नाही — असा हिशेब. ग्रंथपाल बाई डबा दाराशी ठेवतात. त्यांना काचेतून हातानेच सांगतो, बोलू नका.
हत्ती बुडतोय. टकळी हसत हसत सांगते आहे. तिने हे असं सांगितलं नसतं. ती नाही ही —

२ एप्रिल
बाईंनी काचेला चिठ्ठी लावली. हिचा निरोप. पोर तीन दिवस जेवलेली नाही. बाबा माझ्यावर रागावले, एवढंच लिहून दाखवते. उद्या तिला घेऊन येते. काचेतून लांबून बघेल आणि जाईल. तोंड उघडणार नाही, शपथ घेतली आहे तिने.
नको म्हणून कळवलं.
नको म्हटलं, पण दाढी केली.

३ एप्रिल
आल्या.
ही दाराशी. टकळी काचेला नाक लावून. किती वाळली आहे. तोंडावर बोट घट्ट धरलंय. शहाणी पोर. डोळे भरलेत, पण बोट हलत नाही.
हसलो तिच्याकडे बघून. तिला पटत नाही. रागावलो नाही हे कसं सांगू?
वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं — बाबा रागावले नाहीत. माझं शहाणं बाळ.
डाव्या हाताने काचेला धरलंय.
बघते आहे. बोट खाली आलं. ओठ —
अरे देवा. पहिलीतली पोर. तिला मनात वाचता येत नाही. जे दिसेल ते मोठ्यानेच —
बा. बा. रा. गा.
काच जाड आहे. इथे काही ऐकू येत नाही. काहीच येत नाही, तरी शिट्टी थांबली.
ही धावली. तोंड दाबायला. पोर तिचा हात झटकते आहे, हसते आहे, वाचते आहे.
कागद खाली घ्यायला हवा.
किती शांत आहे. दीड महिन्यात इतकं —
घेतो खाली. एकच शब्द उरलाय तिचा, तेवढा वाचू दे, मग लगेच