आपली विहीर बाटली तेव्हा

आबा,

तुमच्यावरचा राग मनात ठेवूनच लिहायला बसले आहे. तो गिळून लिहिलं तर सगळंच खोटं होईल. पलटणीतून पेन्शनवर तुम्ही गावी आलात तेव्हा मी मॅट्रिकला होते. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, कृष्णाकाठी पुन्हा ऊस उभा राहिला होता आणि कारखान्यानं मळीपासून दारू गाळायला सुरुवात केली होती. त्याचं उरलेलं काळं पाणी थेट आपल्या ओढ्यात. मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे. म्हशी काठापर्यंत जायच्या आणि नाक फेंदारून माघारी फिरायच्या. गावाला त्याचं काय! गावाला विहीर होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला दलितांची वस्ती होती, ती ओढ्याच्या वाळूत झिरे खणून पाणी प्यायची, कारण गावच्या विहिरीवर त्यांना कुणी पाय ठेवू देत नव्हतं. सगळ्यांना हे दिसत होतं आणि सगळेच कारखान्याचे सभासद होते. आपणसुद्धा.

एका सकाळी वस्तीतली एक म्हातारी अंगणाबाहेर येऊन उभी राहते. आत येत नाही. "आवं हवालदार, वड्याला पानी न्हाई, इख वाहतंय. पोरं वकून वकून निपचित पडल्यात." तुम्ही दाढी करत होता. गालावरचा साबण तसाच ठेवून तुम्ही म्हणालात, "मळ्यात आमची हीर हाय की. घागरी घिऊन या. आन् कुनी वरनं वतंल म्हनून वाट बगू नगा, आपल्या हातानं शेंदा." आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिला तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत.

दुपारी चुलते आले. "दादा, हीर बाटवलीस. वाडवडलांची हीर."

"ज्या पान्यानं मासं मरत्यात ते बाटल्यालं. ह्ये न्हवं," असं म्हणून तुम्ही त्यांच्याकडं पाठ केलीत.

मग भावकी तुटली. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. कुणीतरी विहिरीत शेण टाकलं. तुम्ही ओढ्याची तक्रार घेऊन तालुक्याला साहेबांच्या दारात चपला झिजवत होता, तेव्हा आईनं विहीर उपसून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून काठावर ठाण मांडलं. निवडायचं धान्यही ती तिथंच घेऊन जायची. वस्तीतल्या बायका पाणी भरून गेल्या की मगच उठायची. लोक म्हणाले, हवालदारानं विहीर राखली. मी विहिरीवर तुम्हाला कधी बसलेलं पाहिलं नाही.

कारखान्याच्या सभेत तुम्ही चेअरमनला सगळ्यांदेखत म्हणालात, "तुमची म्हसरं त्या वड्यात सोडा, मंग बोलू." माईक हिसकावला, दोघांनी दंडाला धरून तुम्हाला बाहेर काढलं. त्या हंगामात आपल्या शेतात ऊसतोडीची टोळी आलीच नाही. शेजारची रानं मोकळी झाली आणि आपला ऊस तुरे मिरवत वाळत उभा राहिला. त्याच दिवसांत शिरवळकडचे पाहुणे मला बघायला आले. आईनं तांब्याभांडं पुढं केलं. वडीलधाऱ्यानं विचारलं, "ह्ये पानी त्याच हिरीचं काय?" आई म्हणाली, "व्हय." ते पाण्याला न शिवता उठले. आई तांब्या हातात धरून तशीच उभी.

संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "वाईट वाटलं?"

"व्हय, आबा. लय वाटलं."

"वाटू दे. खालच्या बायांना रोज वाटतंय."

तुमचं बरोबर होतं, आबा. म्हणूनच ते मला अजून सोसत नाही. माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवला असता, तर वस्तीचं काही कमी झालं नसतं.

मार्च लागला तशी वस्ती आपल्या रानात उतरली, न बोलावता, कोयते घेऊन. "कारखाना न्हेत न्हाई तर आमी तोडतो की," ती म्हातारी म्हणाली. शेजारगावच्या गुऱ्हाळावर गूळ झाला. पुढच्या हंगामात त्याच बायका कारखान्याच्या फाटकात बसल्या आणि त्यांच्यात आई बसली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. उसाच्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. शेवटी कारखान्यानं खड्डे खणले, काळं पाणी तिकडं वळवलं. ओढ्यात पुन्हा मासे दिसले. तुम्ही गेलात आणि ते खड्डे कधी फुटले, कुणी बुजवले, कोण विचारतो?

आज, इतक्या वर्षांनी, कारखान्यानं सभागृहात तुमच्या फोटोला हार घातला. त्या चेअरमनचा मुलगा बोलला: निसर्गाचा शिपाई, समतेचा शिपाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून ओढ्याचा वास येत होता आणि पहिल्या रांगेतले लोक नाकाला रुमाल लावून टाळ्या वाजवत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, हार काढून टेबलावर ठेवला आणि फोटो उचलला. एक जण धावत आला. "ताई, आवं, कार्यक्रम चालू हाय."

"वडा साफ करा, मंग बोलवा. माझा बाप हाय, मी घरी न्हेते."

कुणी अडवलं नाही. एस.टी.त मांडीवर फोटो घेऊन सांगलीला आले. आता तो टेबलावर उताणा पडलाय आणि भिंतीवर लावायला माझा हात धजत नाही. तुमचा पलटणीतला फोटो होता म्हणून तो मोठा करता आला. आईही गेली, पण तिचा फोटो कुणी कधी काढलाच नाही. ती विहिरीच्या काठावर बसलेली मला दिसते, पण ते दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील इथंच. एकच कबूल करते आबा, नाव तुमचं घातलं, पण लिहिताना सगळा वेळ मला तिच्याशीच बोलायचं होतं.