नऊ एलईडींचा दिवा

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त माणसानं पेपर वाचावा, डुलकी काढावी. हा मात्र साबणाच्या डबीत एलईडी बसवून सायकलचा दिवा करतोय! तयार दिवा बाजारात मिळतो, पण मग तुझी कारागिरी कोण बघणार? तुझ्या बायकोनं कळवलंय की तारा सोल्डर करायच्या तापल्या सळईनं तिच्या इस्त्रीच्या टेबलाला भोक पाडलंस. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एवढ्यावर दिवसभर कोपऱ्यात उभं केलं असतं. ती बिचारी हसून सोडून देते. मी तिथे नाही, हे तुझं नशीब.

रागावले तरी माया तीच.
ताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबलाचं भोक बुजवलं. दिवा मात्र हट्टाला पेटलाय. आधी तीन एलईडी लावले, उजेड अगदी मिणमिणता, म्हणून तो दिवा खणात टाकला. मग नव्या डबीत सहा, मागे जुन्या विजेरीचा आरसा. आता नऊ आहेत, तरी वाचनालयाहून परतताना गिरणीचं वळण काळंकुट्ट. परवा कुंपणाच्या खांबावरच गेलो, गुडघा सोलवटला. हल्ली एलईडीसुद्धा भुक्कड निघतात. आणि गंमत अशी की समोरून येणारे डोळ्यांवर हात धरून मला शिव्या घालतात.

बायकोची वेगळीच कुरकुर, मी चहा कपाबाहेर ओततो म्हणे. बारा एलईडी लावून बघतो.

तुझ्या बोलण्यांचा भुकेला,
धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून. आधी नीट वाच.

समोरच्यांचे डोळे दिपतात आणि तुला खांब दिसत नाही. यात दिव्याचा काय दोष, शहाण्या? चहा तर तू दिव्याशिवाय, भर दिवसा सांडतोस. बाबांना आठव. घरभर मोठे बल्ब लावून घेतले, वीजवाल्यांना शिव्या घातल्या आणि शेवटी भिंत चाचपत फिरले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे मुलांतही उतरतं, दरवर्षी डोळे तपासा. मी तपासते. तू एलईडी मोजत बस!

हे पत्र मिळेल त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सायकलची किल्ली बायकोकडे दे. तिलाही वेगळं लिहिलंय, तेव्हा लबाडी चालायची नाही.

रात्रंदिवस तुझीच काळजी करणारी,
ताई

६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचाच काचबिंदू. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती आता परत येणार नाही. डावा थेंबांवर टिकेल. आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या बोलल्या तेव्हा बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. रागवायला तिला अजून सुचलेलं नाही, त्याचीच मला भीती वाटते. तू मात्र यथेच्छ रागव.

नऊ एलईडींचा दिवा मी मोडला. काल थेंब संपले. बायकोनं खणातून माझा पहिलाच दिवा काढला, स्वतःच्या सायकलला बांधला आणि दिवेलागणीला औषधाच्या दुकानात गेली. मी फाटकाशी उभा होतो. परत आल्यावर उतरता उतरता ती सहज म्हणाली, "अहो, खडा न खडा दिसतो की याच्या उजेडात."

तीनच एलईडी, ताई.

तुझा धाक असाच राहू दे.
धाकटा