तुमच्या हातचं शेवटचं गारेगार

प्राप्तीच्या बाबांस,

हे पत्र टाकणार न्हाय. तुमची बोट बुडाली तिथं कुठली आलीय पत्रपेटी?

बोटीवर जायच्या सकाळी तुम्ही कोकमाचं गारेगार साच्यात भरून फ्रीजरला लावून गेलात. बाकीचं मी काशीदच्या किनाऱ्यावर विकलं, एक ठेवून दिलं. भावोजी सारखे म्हणतात, "वहिनी, दादा आता सापडायचा न्हाय. दिवस घालू." मी त्यांच्या अंगावर जाते. म्हणते, "त्यांच्या हातचं गारेगार अजून घरात हाय, कसले दिवस घालता?"

काल वादळात लाईट गेली, ती आज दुपारी आली. धावत जाऊन फ्रीजर उघडला. गारेगार कडक होतं. जीव भांड्यात पडला. मग बघितलं, तर काडी तिरकी झालेली. लाल रंग सगळा तळाला, वर नुसता पांढरा बर्फ. मेलं विरघळून पुन्हा गोठलंय. असलं गिऱ्हाइकाला द्यायचं न्हाय, हे तुम्हीच शिकवलंत.

प्राप्तीनं विचारलं, "आई, बाबांचं गारेगार हाय ना अजून?"

"हाय," म्हटलं.

मग मागच्या दारी जाऊन भावोजींना फोन लावला. दिवस घाला म्हटलं.

तुमचीच,
तुळशी